सीमाभागातील महाविद्यालयांत इंग्रजीचे मिश्र अध्यापन : फोनवर काय द्यावे, तासिकेत काय करावे

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात साठ मिनिटांची तासिका असेल आणि प्रत्येकाला एकेक मिनिट इंग्रजीत बोलायला लावले, तर हजेरी घेण्यापूर्वीच तास संपतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतील पदवी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे गणित अनुभवाने ठाऊक आहे. वर्गात काही विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात, काही कन्नड किंवा उर्दू माध्यमातून, आणि मोजके शहरातील इंग्रजी शाळांतून. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातल्या मुलामुलींच्या घरी कोकणीही असते. दोन-तीन भाषांत सहज वावरणारी ही मुले इंग्रजीचा पेपर उत्तीर्ण होतात. पण उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला गेली की दोन वाक्यांनंतर थांबतात. त्यांच्याकडे व्याकरणाचे नियम असतात, बोलण्याचा सराव नसतो, आणि सरावाला लागणारा वेळ वेळापत्रकात कुठेच नसतो.

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष अध्यापनाची सांगड घालून हा वेळ मोकळा करता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली मिश्र अध्यापनाविषयीचा जो संकल्पना-मसुदा मांडला, त्यात एखाद्या विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला ६० टक्के प्रत्यक्ष वर्गात घ्यावा, असे सुचवले होते. आठवड्याला चार तासिका आणि सोळा आठवड्यांचे सत्र धरले, तर ६४ पैकी सुमारे २५ तासिकांचे काम फोनवर नेता येते. आपल्या विद्यापीठाचे नियम आणि विभागप्रमुखांची लेखी संमती आधी पाहून घ्यावी, कारण वेळापत्रकात न दिसणारे काम वर्षाअखेरीस कोणाच्याही खात्यात जमा होत नाही.

पुढील कृतिक्रम माझ्या एका फसलेल्या प्रयोगातून तयार झाला आहे. पहिल्या वर्षी मी चाळीस-चाळीस मिनिटांची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून विद्यार्थ्यांना पाठवली. निम्म्या वर्गाने ती उघडलीच नाहीत, म्हणून मी वर्गात तेच व्याख्यान पुन्हा दिले. ज्यांनी उघडली होती, ते अर्थातच कंटाळले. काय ऑनलाइन द्यायचे, याचा विचार मी आधी केला होता. आधी ठरवायचे असते ते तासिकेत काय करायचे हे. समोर दुसरा माणूस असल्याशिवाय जे होऊ शकत नाही, तेवढेच तासिकेसाठी राखावे. ऐकणे, वाचणे, नियम समजून घेणे आणि शब्द घोकणे ही एकट्याने करायची कामे फोनवर सोपवावीत.

पहिला आठवडा : कोण कुठे आहे ते पाहणे

सत्राच्या आरंभी चाचणी घ्यावी, पण गुणांची नव्हे. प्रत्येकाकडून तीन गोष्टी घ्याव्यात : अडीचशे शब्दांचा उतारा वाचून पाच प्रश्नांची उत्तरे, स्वतःच्या गावाविषयी शंभर शब्दांचा परिच्छेद आणि त्याच विषयावर एका मिनिटाची व्हॉइस नोट. परिच्छेद वर्गातच हाताने लिहून घ्यावा, नाहीतर आपण विद्यार्थ्याऐवजी एखाद्या ॲपची चाचणी घेतलेली असते. व्हॉइस नोट मात्र घरून पाठवू द्यावी, कारण पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलायला लावले की लाजरी मुले सत्रभर गप्प बसतात.

पातळी ठरवण्यासाठी ‘काउन्सिल ऑफ युरोप’ने २००१ साली प्रसिद्ध केलेली भाषाक्षमतेची सहा पायऱ्यांची चौकट उपयोगी पडते. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या या पायऱ्यांत विद्यार्थ्याला काय येत नाही यापेक्षा काय करता येते, याची वर्णने दिलेली आहेत. आमच्या भागात पहिल्या वर्षाचे बहुतेक विद्यार्थी मला ए-२ च्या आसपास आढळतात, पण वाचनात ते एक पायरी वर आणि बोलण्यात एक पायरी खाली असतात. ही तफावत प्रत्येक विद्यार्थ्यापुढे लिहून ठेवावी. कोणत्याही पातळीवर ‘कच्चा’ हा शिक्का मारू नये आणि पातळ्यांप्रमाणे वर्गाच्या तुकड्याही पाडू नयेत, कारण पुढे जोड्या लावताना मिसळलेला वर्गच हाती असावा लागतो.

याच आठवड्यात दुसरी एक पाहणी करावी, जी बहुतेक मार्गदर्शक पुस्तिकांत नसते. फोन स्वतःचा आहे की भावाबरोबर वाटून घेतलेला, घरी रेंज कुठे येते, येण्याजाण्यात बसमध्ये किती वेळ जातो आणि घरी बसून बोलता येईल अशी जागा आहे का, हे विचारावे. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या मुलीला पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज आणि रेंज नसली, तर तिचा गृहपाठ उशिरा येण्याला आळस म्हणता येत नाही. वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांत यंत्रमागाच्या खडखडाटात व्हॉइस नोट करणे अवघड जाते. अशा विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयातली एखादी रिकामी खोली दुपारी अर्धा तास उघडी ठेवली की काम होते.

साधने : जेवढी कमी तेवढी बरी

तीन साधने पुरेशी आहेत. सूचना आणि व्हॉइस नोटसाठी व्हॉट्सॲप, साहित्य आणि गृहपाठ ठेवण्यासाठी गूगल क्लासरूम किंवा महाविद्यालयाचा स्वतःचा सर्व्हर असेल तर मूडल, आणि छोट्या चाचण्यांसाठी गूगल फॉर्म. मूडल २००२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, पण ते सांभाळायला संगणक विभागातला एक माणूस लागतो. तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि मुलींचे क्रमांक गावभर फिरतात; पालक पुढे गटच सोडायला लावतात, आणि त्यांची काळजी रास्त असते. कम्युनिटीच्या सूचना-गटात सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. व्हॉइस नोट गटावर न मागवता थेट शिक्षकाकडे मागवावी. रात्री आठनंतर कोणताही संदेश पाठवायचा नाही, हा नियम शिक्षकानेही पाळावा.

डेटाचा हिशेब करून साहित्य तयार करावे. ३२ किलोबिट वेगाने ध्वनिमुद्रण केले, तर दहा मिनिटांच्या पाठाचा आकार सुमारे २.४ एमबी होतो. तेवढ्याच लांबीचा व्हिडिओ त्याच्या अनेक पट जागा आणि डेटा खातो. म्हणून फळ्यावरचे काही दाखवायचे नसेल, तर व्हिडिओ करूच नये. ध्वनिमुद्रित पाठ आणि त्यासोबत एका पानाची पीडीएफ दिली, तर निपाणीहून बेळगावला येणारा विद्यार्थी तो बसमध्ये कानाला लावून ऐकू शकतो आणि रेंज नसलेल्या वाटेवरही पाठ थांबत नाही. वायफाय असलेल्या ठिकाणी सोमवारी सगळा आठवडा उतरवून घ्यावा, अशी सवय पहिल्या पंधरवड्यातच लावावी.

ऑनलाइन पाठ कसा रचावा

पाठ सहा ते आठ मिनिटांचा असावा आणि त्यात एकच मुद्दा असावा. आधी संहिता लिहावी. न लिहिता बोलायला बसले की आठ मिनिटांचा पाठ हमखास वीस मिनिटांवर जातो. पाठाच्या मधोमध एक प्रश्न विचारून दहा सेकंद थांबावे, शेवटी एक काम द्यावे आणि त्या कामाची गरज पुढच्याच तासिकेत पडेल अशी व्यवस्था करावी. ज्या पाठाविना तासिकेत कोणाचे काहीही अडत नाही, तो कोणीही ऐकत नाही.

स्पष्टीकरण कोणत्या भाषेत द्यावे, हा प्रश्न सीमाभागात नाजूक आहे, पण अध्यापनाच्या दृष्टीने तो सोपा आहे. नियम समजावताना मातृभाषा वापरावी आणि उदाहरणे व सराव इंग्रजीत असावेत. मराठी आणि कन्नड ही दोन वेगळ्या भाषाकुलांतील भाषा असल्या, तरी शेकडो वर्षांच्या शेजारामुळे आणि मूळ ठेवणीतील साम्यामुळे त्यांची वाक्ये एकाच वळणाने चालतात : क्रियापद शेवटी येते, नामानंतर प्रत्यय लागतो आणि इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना थेट जोड नसते. त्यामुळे दोन्ही गटांचे विद्यार्थी बहुतेक ठिकाणी सारखेच अडखळतात. ‘दोन वर्षांपासून शिकतोय’ हे मराठी वाक्य आणि त्याचे कन्नड रूप या दोन्हींत चालू वर्तमानकाळ आणि ‘पासून’ या अर्थाचा एकच प्रत्यय येतो. परिणामी दोघेही ‘आय ॲम लर्निंग सिन्स टू इयर्स’ असेच म्हणतात. तिथे ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’ का हवे आणि ‘हॅव बीन लर्निंग’ का म्हणायचे, हे एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये सांगितलेले दोन छोटे पाठ करून ठेवले की ते वर्षानुवर्षे चालतात. कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याशी पाठांची अदलाबदल करावी. एक पाठ तुम्ही करा, एक ते करतील.

अशा जागांची यादी स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून तयार करावी. माझ्या यादीत वरच्या क्रमांकावर असलेली वाक्ये येथे देतो. ‘त्याने मला विचारले की तू कुठे चाललास’ या वळणावरून ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ येते, कारण आपल्याकडे दुसऱ्याचे बोलणे बहुधा जसेच्या तसे सांगितले जाते. बेळगावी मराठीत तर ‘येतो म्हणून सांगितला’ हे कन्नडच्या वळणाचे रूप रूढच आहे. ‘विषयाबद्दल चर्चा केली’ यावरून ‘डिस्कस्ड अबाउट’ येते. ‘डोकं दुखतंय’ यावरून ‘माय हेड इज पेनिंग’ येते. या चुका विद्यार्थ्याच्या अडाणीपणातून येत नाहीत, त्या त्याच्या भाषेच्या व्याकरणातून येतात, हे त्याला समजावून सांगितले की तो त्या स्वतः शोधू लागतो.

तासिकेतील काम

फोनवर ऐकलेले तासिकेत पुन्हा शिकवायचे नाही, हा नियम कठोरपणे पाळावा. पहिली पाच मिनिटे तीन प्रश्नांची चिठ्ठी-चाचणी घ्यावी. ज्यांनी पाठ ऐकलेला नाही, त्यांना मागच्या बाकावर बसून ती एक पानाची पीडीएफ वाचू द्यावी आणि बाकीच्यांनी पुढे जावे. पहिले तीन आठवडे मागच्या बाकांवर गर्दी होते. नंतर ती ओसरते, पण शिक्षकाने दया दाखवून एकदा जरी पाठ पुन्हा सांगितला, तर पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करावी लागते.

तासिकेचा गाभा जोडीने बोलणे हा असावा. साठ जणांच्या तीस जोड्या केल्या आणि वीस मिनिटे दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे बोलणे येते. एकेकाला उभे करून हेच साधायचे तर दहा तासिका लागतील. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. जमल्यास मैदानाकडेची खोली मागून घ्यावी. जोड्या दर आठवड्याला बदलाव्यात आणि शक्यतो मराठी व कन्नड बोलणारे एकत्र बसवावेत. एकाच मातृभाषेचे दोघे अडले की लगेच घरच्या भाषेवर येतात, तर वेगळ्या भाषांचे दोघे काही काळ तरी इंग्रजीला धरून राहतात. बेळगावात अशा दोघांना दोन्ही भाषा येण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे हा उपाय पूर्ण बंदोबस्ताचा नाही, हेही कबूल करावे.

बोलण्याचा ओघ वाढवण्यासाठी चार-तीन-दोन ही पद्धत मला सर्वांत फलदायी वाटते. विद्यार्थी एका विषयावर जोडीदारापुढे चार मिनिटे बोलतो, मग जोडीदार बदलून तेच तीन मिनिटांत सांगतो आणि तिसऱ्या जोडीदाराला दोन मिनिटांत. विषय तोच राहिल्याने काय बोलायचे याची चिंता दुसऱ्या फेरीपासून संपते आणि शब्द भराभर जुळू लागतात. सुरुवातीला वेळ तीन, दोन आणि एक मिनिट असा ठेवावा, कारण ए-२ पातळीवर चार मिनिटे फार लांब वाटतात.

विषय परक्या मुलखातले नकोत. टेम्स नदीच्या सफरीपेक्षा भुईकोट किल्ल्यातील कमल बस्ती परगावच्या पाहुण्याला दाखवणे, रताळ्याच्या पिकाचा दर कसा ठरतो हे समजावणे, फाउंड्रीतील साच्यापासून सुट्या भागापर्यंतची प्रक्रिया सांगणे किंवा घरगुती कुंद्याची कृती सांगणे यांत विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखे खरोखर काही असते. १९२४ साली बेळगावात भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे महात्मा गांधी अध्यक्ष असलेले एकमेव अधिवेशन होते. त्यावर दीडशे शब्दांचा सोपा इंग्रजी उतारा फोनवर दिला आणि वर्गात एकाने वार्ताहर व दुसऱ्याने त्या वेळचा स्वयंसेवक व्हावे असे सांगितले, तर वाचन, प्रश्न विचारणे आणि भूतकाळ या तिन्हींचा सराव एका तासिकेत होतो. जोड्या बोलत असताना शिक्षकाने मध्ये थांबवून चूक सुधारू नये. वहीत टिपून ठेवावी आणि शेवटच्या आठ मिनिटांत नाव न घेता पाच वाक्ये फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्यावीत.

शब्द आणि उच्चार

शब्दांसाठी जाडजूड पुस्तक लागत नाही. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली सुमारे दोन हजार शब्दांची यादी आजही पायाभूत मानली जाते, आणि ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ५७० शब्दकुलांची (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) शैक्षणिक यादी पदवीच्या पाठ्यपुस्तकांसाठी पुढची पायरी ठरते. आठवड्याला तीस शब्द पुरेत. हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली विस्मरणाविषयी मांडलेली निरीक्षणे लक्षात घेऊन त्याच शब्दांची गूगल फॉर्मवरची चाचणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी आपोआप जाईल असे लावून ठेवावे. शब्द सुटा देऊ नये. तो ज्या शब्दांबरोबर येतो, त्यांच्यासह द्यावा.

उच्चारांत फार वेळ घालवू नये. मराठी लिपीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वतंत्र चिन्हे असल्याने ‘बेट’ आणि ‘बॅट’ यांतील फरक मराठी विद्यार्थ्यांना लवकर समजतो. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील फरक मात्र आपल्या बोलण्यात सहज निसटतो. कन्नड शब्द बहुधा स्वरान्त असल्याने कन्नडभाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी शब्दांना शेवटी ‘उ’ची छटा येते. समजण्याच्या दृष्टीने या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो शब्दातील आघात. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर (म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो. फोनच्या कळफलकावरील बोलून लिहिण्याची सोय इंग्रजीवर लावून दहा वाक्ये बोलावीत. यंत्राने काय ऐकले ते पडद्यावर दिसते आणि कोणाचीही लाज न वाटता चूक कळते. यंत्राला आपल्याकडचे उच्चार प्रत्येक वेळी कळतातच असे नाही, त्यामुळे त्याचा निकाल अंतिम मानू नये.

लेखन, तपासणी आणि आयते उत्तर

साठ जणांच्या दोन-दोन मिनिटांच्या व्हॉइस नोट म्हणजे दोन तासांचे ऐकणे, आणि ते दर आठवड्याला शक्य नाही. म्हणून नोट सर्वांनी पाठवावी, पण शिक्षकाने दर आठवड्याला पंधरा जणांच्याच ऐकाव्यात. चार आठवड्यांत फेरी पूर्ण होते. पंधरा कोण, हे आधी सांगू नये. उत्तरही व्हॉइस नोटनेच द्यावे, चाळीस सेकंदांत : एक जमलेली गोष्ट, एक सुधारायची गोष्ट.

लिखित गृहपाठात चुका दुरुस्त करून देऊ नयेत. काळ चुकला असेल तर समासात ‘का’, उपपद चुकले असेल तर ‘उ’, शब्दक्रम चुकला असेल तर ‘क्र’ एवढीच खूण करावी आणि विद्यार्थ्याने ते स्वतः पुन्हा लिहावे. चॅटजीपीटीसारख्या साधनांवर बंदी घालणे निरर्थक आहे, कारण ती पाळली जाते की नाही हे तपासता येत नाही. त्याऐवजी पहिला मसुदा वर्गात हाताने लिहावा, घरी साधनाला दाखवावा, आणि साधनाने केलेल्या बदलांपैकी तीन बदल का केले हे पुढच्या तासिकेत जोडीदाराला तोंडी सांगावे. ज्याने आयते उत्तर उतरवले आहे, तो या तिसऱ्या टप्प्यावर सापडतो, आणि सापडला नाही तर तो काही ना काही शिकलेला असतो.

अंतर्गत मूल्यमापनातील गुण या सगळ्या कामाला जोडावेत, नाहीतर सहाव्या आठवड्यात, म्हणजे साधारण पहिल्या अंतर्गत परीक्षेच्या सुमारास, फोनवरचे काम एकदम थंडावते. वीस गुण असतील तर बारा गुण नियमितपणाला आणि आठ गुण प्रगतीला द्यावेत. उलट केले की इंग्रजी माध्यमातून आलेली मुले काहीही न करता पुढे राहतात. ‘स्वयम्’ या केंद्रीय संकेतस्थळावरील इंग्रजीचे अभ्यासक्रम वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांना जोड म्हणून सुचवावेत, म्हणजे वर्गाची गती त्यांच्यासाठी वाढवावी लागत नाही.

सोळाव्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातलाच विषय पुन्हा द्यावा : स्वतःचे गाव, एक मिनिट, व्हॉइस नोट. मग दोन्ही नोंदी विद्यार्थ्याला शेजारी बसवून एकापाठोपाठ ऐकवाव्यात आणि फरक त्यालाच सांगायला लावावा. यासाठी पहिल्या आठवड्याच्या सर्व नोंदी हजेरी क्रमांकानुसार नावे देऊन त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवाव्यात. सत्राच्या मध्ये विद्यार्थ्यांचे फोन बदलतात, शिक्षकाच्या फोनमधील जागा भरते, आणि सत्राअखेरीस शोधू लागल्यावर जून-जुलैचा आवाज कुठेच सापडत नाही.